निकम सरांचा घास

परवा गावात एका वास्तुशांतीला जेवायला गेलो होतो. पंगत बसली, वाढून झालं आणि अकरा मिनिटांत उठलीसुद्धा. वाढपी दुसऱ्यांदा भात घेऊन येईपर्यंत निम्मी माणसं हात धुवायला गेली होती. लाडू कुणी चावला असेल असं मला वाटत नाही, सगळ्यांनी तो पोस्टात पत्र टाकावं तसा आत टाकला. नळावर शेजारचा मला म्हणाला, "झ्याक उरकलं गड्या." जेवण उरकलं म्हणून खूश झालेला माणूस बघितला की मला निकम सर आठवतात. सर असते तर आम्ही अजून पहिल्या भातावर असतो, आणि मी त्यांना मनातल्या मनात शिव्या देत असतो.

कुंडलच्या जवळ आमचं गाव. तिथल्या हायस्कूलमध्ये सर विज्ञान शिकवायचे आणि मी चित्रकला. एकोणीस वर्षं आम्ही स्टाफरूममध्ये समोरासमोर बसून डबा खाल्ला. म्हणजे मी खाल्ला, ते खात राहिले. निवृत्तीनंतर ते पुण्याला लेकाकडे गेले आणि पुढच्याच थंडीत झोपेत गेले. ती बातमी मला फोनवर कळली, त्यामुळे माझ्या डोळ्यांसमोर ते अजून जेवतायत.

अंगानं किरकोळ माणूस, मान लांब, पण जबडा असा की दुसऱ्या कुणाचा तरी चुकून बसवलाय. घास तोंडात गेला की डाव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवर चालायला लागायचा. एक घास, बत्तीस वेळा चावणं. मध्ये कुणी काही विचारलं तर उजव्या हाताचं एक बोट वर यायचं. याचा अर्थ 'थांब, मोजणी चालू आहे'. मोजणी संपून सर उत्तर द्यायला लागेपर्यंत विचारणारा दुसऱ्याला विचारून निघून गेलेला असायचा. एकदा मुख्याध्यापक सहीसाठी रजिस्टर उघडं धरून एक संपूर्ण घास उभे राहिले होते. तो घास भाकरीचा होता आणि भाकरी बाजरीची होती.

माझे वडील फौजी. आमच्या घरात जेवण म्हणजे चढाई होती. पाच मिनिटांत ताट साफ झालं नाही तर ते आजारी आहेस का विचारायचे. त्यामुळे मी आजही न चावता जेवतो. सर माझ्या डब्याकडे बघून दुःखानं मान हलवायचे. "थोरात, तू जेवत नाहीस. तू ट्रॉली भरतोस."

मग व्याख्यान. "पचन पोटात सुरू होत नाही, तोंडात सुरू होतं. पोट म्हणजे गोडाऊन. कारखाना इथं आहे." इथं म्हणजे गालावर बोट. "भाकरीत साखर घातलेली असते का? नाही. पण चावत राहा, गोड लागायला लागते. ती साखर कुणी केली? लाळेनं. आपल्या तालुक्यातल्या कारखान्याला ऊस लागतो, बॉयलर लागतो, चेअरमन लागतो. लाळेला काही लागत नाही. दिवसाला लिटर-दीड लिटर, बिनबोभाट." लाळेविषयी हा माणूस इतक्या मायेनं बोलायचा की ऐकणाऱ्याला जेवण नको व्हायचं. कानापुढं ग्रंथींची एक जोडी, जबड्याखाली एक, जिभेखाली एक, हे सांगताना ते स्वतःच्याच चेहऱ्यावर हळदीकुंकू लावल्यासारखे हात फिरवायचे. पोरांनी त्यांना 'लाळ सर' म्हणावं यात नवल नव्हतं. गुरांना लाळ्या-खुरकुताची लस टोचायला डॉक्टर गावात आले की कुणीतरी स्टाफरूमच्या खिडकीतून विचारून पळायचं, "सर, तुमी टोचून घेतलं का?"

सरांचा खरा उपद्रव पंगतीत व्हायचा. आमच्याकडे शेवटच्या माणसाचं पान होईपर्यंत पंगत उठत नाही. जेवणारा जेवत असताना उठणं हा त्याचा अपमान. ही रीत ज्यानं कुणी पाडली त्याच्या डोळ्यांसमोर निकम सर नसणार. शंभर माणसं जेवून, बोटं चाटून, हात वाळवत बसलेली, आणि टोकाला सर दुसऱ्या चपातीचा पहिला तुकडा मोडतायत. मागची पंगत त्यांच्या पाठीशी येऊन उभी. गावातला मुख्य वाढपी महादूअण्णा बादली घेऊन तीनदा येऊन जायचा. चौथ्यांदा म्हणायचा, "आवं सर, मागची पंगत उबी हाय." सरांचं बोट वर. अण्णा कपाळाला हात लावून जायचा. शेवटी शेवटी तर लोक मांडवात शिरतानाच विचारायला लागले, "सर कंच्या पंगतीला बसल्यात?" आणि उत्तर मिळालं की दुसरीला थांबायचे.

"तुम्ही कसं सोसता?" असं मी एकदा वहिनींना, म्हणजे सरांच्या बायकोला विचारलं. त्या चुलीपुढून म्हणाल्या, "सोसायचं काय त्यात? ह्यांच्या एका घासात माजी दोन पातेली घासून व्हत्यात."

पण वर्गात मात्र सर बघण्यासारखे होते, हे माझ्यासारख्या कुचक्या माणसालाही मान्य करावं लागेल. चवीचा धडा ते असा घ्यायचे: अख्ख्या वर्गानं जीभ बाहेर काढायची, रुमालानं कोरडी पुसायची आणि वर साखरेचे चार दाणे ठेवायचे. काही लागत नाही. मग जीभ आत घ्या. लागलं गोड! "बघा. साखर गोड नसते. लाळेत विरघळली की गोड होते. कोरड्या जिभेला जगात काहीच चव नाही." एकदा हा प्रयोग चालू असतानाच तपासणीला आलेले अधिकारी दारात उभे राहिले. त्यांच्या स्वागताला चाळीस जिभा बाहेर. त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी शाळेची उरलेली तपासणी बाहेरूनच केली.

एका विज्ञानदिनी पाहुण्यांसमोर सरांनी भिंतीला पाय लावून शीर्षासन घातलं आणि उलट्या अवस्थेत अख्खं केळं खाल्लं. अर्थात मोजून. पाहुणे, प्रास्ताविक, हारतुरे, सगळं खोळंबलं. केळं संपल्यावर सर तसेच उलटे राहून म्हणाले, "अन्न पोटात पडत नाही. अन्ननलिका ते ढकलते. माणूस उलटा असला तरी ढकलते." पाहुण्यांनी भाषणात त्यांच्या फिटनेसचं कौतुक केलं, मुद्दा कुणालाच कळला नाही.

हे सगळं ठीक. पण सरांना चूक कबूल करता यायची नाही. फळ्यावर चुकीचं लिहिलं गेलं तर ते खडूला दोष द्यायचे. त्यांनी माझ्याकडून प्रयोगशाळेच्या बाहेरच्या भिंतीवर एक प्रचंड जीभ रंगवून घेतली होती. गुलाबी, माणसाच्या उंचीची. टोकाला गोड, कडांना पुढं खारट, मागं आंबट, आणि पार मागं कडू, असे चार प्रांत आखलेले. मतदानाला शाळेत आलेल्या बायका रांगेत त्या जिभेसमोर उभ्या राहिल्या की पदर तोंडाला लावायच्या. सरांना तिचा फार अभिमान होता.

दहावी ब मध्ये पूनम मासाळ नावाची मुलगी होती. तिच्या वडिलांची मेंढरं, जतकडून येऊन आमच्या गावाच्या माळाला स्थिरावलेलं घर. सरांनी त्या दिवशी कारल्याचा रस आणला होता. एकेकानं उठायचं, भिंतीसमोर जायचं, काडीनं जिभेच्या टोकाला रस लावायचा आणि म्हणायचं, "टोकाला कडू लागत नाही सर." वीस पोरांनी तोंड वाकडं करत तसं सांगितलं. पूनमनं काडी लावली आणि म्हणाली, "सर, टोकाला पन कडूच लागतंय."

"शक्य नाही."

"लागतंय सर."

"पुस्तकात काय आहे?"

"पुस्तकाला जीब न्हाई सर."

वर्ग हसला. सरांचा जबडा थांबला, आणि खात नसताना तो थांबलेला मी पहिल्यांदाच बघत होतो. "तुझी जीभ चुकलीय," ते म्हणाले, आणि त्यांनी तिला जिभेची आकृती दहा वेळा काढून आणायला लावली. पुढं वर्षभर पोरं तिला 'चुकलेली जीभ' म्हणत राहिली. मी त्या वेळी तिथंच होतो, हातात ब्रश होता, जिभेच्या कडेचा उडालेला रंग भरत होतो. कारल्याचा रस वाटीत शिल्लक होता. मी चाखून बघू शकलो असतो. नाही बघितला. सरांशी कोण वाद घालणार, आणि चित्र तर माझं होतं.

निवृत्तीला वर्ष राहिलं तेव्हा सरांनी स्टाफरूममध्ये जाहीर केलं, "मला सत्कार नको, शाल नको, फोटोची फ्रेम नको. पंगत द्या. गाव बसवा. आणि त्या दिवशी मला कुणी घाई करायची नाही." गावात एकच खळबळ. ती पंगत किती वाजता उठेल यावर लोकांनी चहाच्या पैजा लावल्या. महादूअण्णा म्हणाला, "त्या दिशी म्या आजारी हाय, आत्ताच लिवून घ्या."

पण आजारी पडले सर. मार्चमध्ये पेपर तपासता तपासता त्यांच्या हातातलं लाल पेन पडलं आणि तोंडाची उजवी बाजू उतरली. मेंदूत गुठळी. सांगलीला नेलं, जीव वाचला, हातपायही हळूहळू हलायला लागले. घसा मात्र बंद. डॉक्टर म्हणाले, गिळायचे स्नायू काम विसरलेत, आता पाण्याचा घोट दिला तर तो श्वासनळीत जाईल, न्यूमोनिया होईल. नाकातून पोटापर्यंत नळी घातली. वहिनी मिक्सरमधून काढलेलं दूध-वरण त्या नळीतून सोडायच्या आणि सर छताकडे बघत पडायचे. चव नाही, चावणं नाही. गोडाऊन चालू, कारखाना बंद, असं माझ्या मनात आलं आणि मला माझीच लाज वाटली.

त्याहून वाईट म्हणजे लाळ. तीसुद्धा गिळता येत नव्हती. ज्या माणसानं आयुष्यभर लाळेची आरती केली त्याच्या ओठाच्या कोपऱ्यातून ती गळत होती, आणि वहिनी टॉवेलनं पुसत होत्या. मला बघून सरांनी भिंतीकडे तोंड केलं.

डॉक्टरांनी सांगितलं, थोडे आठवडे वाट बघू, नाही जमलं तर पोटाला छिद्र पाडून नळी कायमची बसवावी लागेल. सरांना बोलणं नीट जमत नव्हतं म्हणून त्यांच्याजवळ एक पाटी दिली होती. त्यांनी डाव्या हातानं वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं: 'पंगत'. वहिनींनी ते वाचलं आणि पहिल्यांदाच मी त्यांना रडताना बघितलं. "आता कसली पंगत म्हंतायसा वो," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी गिळायचे व्यायाम घेणारी थेरपिस्ट आली. पांढरा कोट, हातात ट्रे. "सर, ओळखलं का? पूनम मासाळ. दहावी ब."

सरांनी डोळे मिटून घेतले. खरं सांगतो, मला आसुरी आनंद झाला. वाटलं, आता ही काय बोलते बघू. तिनं ट्रे खाली ठेवला. तिनं बर्फातल्या वाटीत लिंबाचा रस ठेवला होता. त्यात कापसाचा बोळा बुडवला आणि सरांच्या जिभेच्या अगदी टोकाला टेकवला.

"काय लागलं सर?"

"आं...बट."

"कुठं लागलं?"

भिंतीवरच्या जिभेप्रमाणे आंबट लागायला हवं होतं कडांना, मागच्या बाजूला. सरांनी हळूहळू हात उचलला आणि बोट जिभेच्या टोकाला लावलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि लिंबानं तोंडात लाळही आली. पूनमनं त्यांच्या गळ्यावर दोन बोटं ठेवली. "आता आलीय लाळ, वाया घालवू नका. हनुवटी छातीला लावा. हां. गिळा."

काही नाही. पुन्हा बोळा. पुन्हा काही नाही. सातव्या की आठव्या वेळी तिच्या बोटांखाली काहीतरी वर उचललं गेलं. "हललं!" ती म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम माळावरच्या पोरीचा झाला, "काकू, हललं बगा! गळ्याची घाटी वर ग्येली!"

संध्याकाळी मी निघताना सरांनी पाटी मागितली. लिहिलं: 'थोरात, भिंतीवरची जीभ पूस.'

मी दुसऱ्या दिवशी पांढरा रंग घेऊन शाळेत गेलो. मुख्याध्यापक म्हणाले, "एवढं चांगलं चित्र पुसायला कारण काय?"

"चुकलंय ते."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून," मी म्हणालो. तीन हात द्यावे लागले. गुलाबी सहज जात नाही.

पुढचे दोन महिने पूनमनं सरांना गिळायला शिकवलं, आणि विद्यार्थी म्हणून सर महाभयंकर निघाले. बोलणं सुधारायला लागलं तशी त्यांची व्याख्यानं सुरू झाली. गिळताना श्वास कसा थांबतो, श्वासनळीवर झाकण कसं पडतं, घास घशात लोटेपर्यंतच आपली सत्ता आणि पुढचं शरीर आपोआप कसं करतं. एकदा ती वैतागून म्हणाली, "सर, शिकवू नका. गिळा." वहिनी तोंडाला पदर लावून बाहेर गेल्या. नवऱ्याला असं कुणीतरी सांगावं म्हणून त्या पस्तीस वर्षं थांबल्या असतील.

प्रत्येक गिळण्यानंतर ती त्यांना "आ" म्हणायला लावायची. आवाज कोरडा आला तर घास नीट खाली गेला, ओला, घुसमटल्यासारखा आला तर काहीतरी वरच अडकलंय, खोका, पुन्हा गिळा. आधी गोठवलेल्या दह्याचा अर्धा चमचा, मग घट्ट खीर, मग वरणात घोटलेला भात. पाणी सगळ्यात शेवटी, कारण पाणी सगळ्यात धूर्त. मेच्या मध्यावर नाकातली नळी निघाली.

आणि मेच्या शेवटच्या दिवशी पंगत झाली.

उन्हं कलल्यावर शाळेच्या आवारात गाव बसलं. सरांना खुर्ची दिली होती, त्यांनी ती नाकारली. पाटावर बसले, पाठ प्रयोगशाळेच्या भिंतीला टेकून. ती भिंत पांढरी होती, फक्त तिरक्या उन्हात आतलं गुलाबी किंचित दिसत होतं. आमच्या पानांत चपाती, वांग्याची भाजी, आमटी, शिरा. त्यांच्यापुढं एक वाटी घोटलेला भात, चमचा उभा राहील इतका घट्ट. पूनम एका बाजूला, वहिनी दुसऱ्या. मी समोरच्या रांगेत.

मी नेहमीप्रमाणे सहा मिनिटांत जेवलो. पंधरा मिनिटांत सगळी पंगत जेवली. सरांची वाटी तेव्हा चौथाई रिकामी झाली होती. अर्धा चमचा. अंगठा पेरांवर. हनुवटी छातीला. गिळणं, पुन्हा गिळणं. मग "आ". पहिल्या "आ"ला पोरं हसली, त्यांच्या आयांनी त्यांना चिमटे काढले. नंतर कुणी हसलं नाही. नंतर तर बोलणंही थांबलं. एकदा आवाज ओला आला, सर खोकायला लागले, चेहरा लाल झाला. वहिनींचा हात त्यांच्या पाठीवर जाऊन तिथंच थांबला. पूनम शांतपणे म्हणाली, "खोका. अजून. आता गिळा." सगळं आवार कान लावून बसलं होतं. "आ". कोरडा. लांब कुठंतरी एका म्हाताऱ्यानं सुस्कारा सोडला.

मागची पंगत येऊन उभी राहिली होती. त्यातला एक पाहुणा, बाहेरगावचा असावा, जरा मोठ्यानं म्हणाला, "आज उटायचं हाय का न्हाई ह्यास्नी?"

आजारी पडणारा महादूअण्णा आमटीची बादली खाली ठेवून त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. "उबं ऱ्हावा. सर जेवत्यात."

माझ्या हातावरची आमटी वाळून कातडी ताणायला लागली. बोटं मिटली की भेगा पडत होत्या. एकोणीस वर्षं ज्या हात वाळवत बसण्याचा मला मनस्वी राग यायचा तसाच मी बसलो होतो, आणि माझ्या मनात एकही शिवी येत नव्हती. उन्ह भिंतीवरून गेलं. वाटीचा तळ दिसला. सरांनी शेवटचा चमचा तोंडात घेतला, मोजला, हनुवटी खाली, एकदा गिळला, दोनदा गिळला.

"आ."

स्वच्छ, कोरडा. पूनमनं मान हलवली. सरांनी चमचा ठेवला आणि माझ्या पानाकडे बघितलं. शिऱ्यातला एक काजू तिथं तसाच पडला होता, घाईत सुटलेला.

"थोरात," ते जड जिभेनं म्हणाले, "आजबी चावलं न्हाईस."

"नाही सर."

त्यांनी बोट वर केलं. अख्खी पंगत बसून राहिली, आणि मी तो काजू तोंडात टाकून चावायला लागलो. त्यांचा अंगठा पेरांवर चालत होता.